कार्बन फायबरचे थर वारंवार सुटत असतील तर : तंतूचा पृष्ठभाग आणि रेझिनची पकड

लॅमिनेट (कार्बनच्या कापडाचे थर रेझिनने, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, एकमेकांना जोडून केलेला भाग) दिसायला निर्दोष असते, वजन अपेक्षेप्रमाणे भरते, वरची बाजू चकचकीत असते, आणि तरीही पहिले भोक पाडताना किंवा पहिला मोठा भार येताच थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेल्या जागी काळे, कोरडे, स्वच्छ तंतू उघडे पडलेले दिसतात. मग रेझिन बदलून पाहिले जाते, हार्डनर (रेझिन कडक करणारे रसायन) थोडा वाढवून पाहिला जातो, एखादा थर जास्त टाकला जातो, आणि काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा समोर येते. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यात फवारणीच्या ड्रोनचे हात, यंत्रांचे हलके रोलर असे भाग कार्बन फायबरमध्ये करू पाहणारे लहान कारखाने आणि स्पर्धेसाठी गाडी बांधणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. तंतूच्या पृष्ठभागावर नवी रासायनिक प्रक्रिया करणे हा या तक्रारीवरचा शेवटचा उपाय आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्बन फायबरवर अशी प्रक्रिया कारखान्यातच झालेली असते, आणि आपल्याकडच्या कामात ती धुण्यामुळे, उष्णतेमुळे, सिलिकॉनमुळे किंवा चुकीच्या रेझिनमुळे निकामी झालेली असते. म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो मोडलेल्या तुकड्यापासून सुरू होतो.

पकड कुठून येते

कार्बन फायबरचा एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर स्थिर करतात आणि मग नायट्रोजनमध्ये १००० ते १५०० अंशांपर्यंत तापवतात. या प्रवासात कार्बनचे अणू पापुद्र्यांच्या रूपाने रचले जातात आणि ते पापुद्रे तंतूच्या लांबीला समांतर बसतात. तंतूची ताकद त्यातूनच येते, पण अडचणही तिथेच निर्माण होते, कारण पापुद्र्याच्या सपाट अंगावर रेझिनला रासायनिक बंध जोडण्यासाठी काहीच नसते. जे काही जोडले जाते ते पापुद्र्यांच्या कडांवर. उच्च मॉड्युलसचे, म्हणजे जास्त ताठ, तंतू २००० अंशांच्याही वर तापवलेले असतात. त्यांचे पापुद्रे मोठे आणि कडा कमी, त्यामुळे ते जितके ताठ तितके रेझिनला धरायला अवघड असतात.

१९६० च्या दशकात हे तंतू वापरात येऊ लागले तेव्हाच थरांमधली कातर ताकद (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर सोसण्याची ताकद) फार कमी भरते हे लक्षात आले, आणि पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण हा उत्पादनाचाच एक टप्पा बनला. आजही तंतूंचा जुडगा विजेच्या प्रवाहासह अमोनियम क्षाराच्या द्रावणातून ओढून नेला जातो. त्यामुळे कडांवर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट तयार होतात, आणि इपॉक्सी रेझिन किंवा तिचा अमाइन हार्डनर यांना जोडले जाण्यासाठी ठिकाण मिळते. गुळगुळीत झालेल्या जात्याला पाथरवट टाकी लावतो तसेच हे काम आहे, आणि टाकी प्रमाणाबाहेर खोल गेली तर जातेच कमकुवत होते हेही तितकेच खरे आहे.

या प्रक्रियेनंतर तंतूंवर सायझिंगचा पातळ थर चढवतात. तो वजनाने साधारण अर्धा ते दीड टक्का असतो. तंतू हाताळताना तुटू नयेत, त्यांचा पिसारा होऊ नये आणि रेझिन चटकन आत शिरावे, ही तिन्ही कामे हा थर करतो. बाजारातल्या बहुसंख्य तंतूंवरचे सायझिंग इपॉक्सीशी जुळणारे असते. हे वाक्य पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

मोडलेला तुकडा आधी वाचा

सराफाकडे असते तसे दहापट भिंग घ्या आणि सुटलेली जागा खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून पाहा. तुकडा हळूहळू फिरवत गेलात की तंतूंवरून परावर्तित होणारा प्रकाश सरकतो आणि फरक स्पष्ट होतात.

तंतू स्वच्छ, तुळतुळीत दिसत असतील आणि समोरच्या थराच्या रेझिनवर त्या तंतूंचे समांतर, गुळगुळीत साचे उमटलेले असतील, तर रेझिन तंतूपर्यंत पोहोचले होते, पण त्याला धरू शकले नाही. हा खरा पृष्ठभागाचा दोष. तंतूंना रेझिनचे खडबडीत, फुटलेले कण चिकटलेले असतील तर पकड ठीक होती, रेझिनच आतून फाटले. इथे तंतूवर कितीही प्रक्रिया केली तरी फायदा होणार नाही. तंतू केसांसारखे मोकळे असतील, नखाने सुटे होत असतील आणि समोर साचे उमटलेच नसतील, तर तिथे रेझिन पोहोचलेच नव्हते. गोल, चकचकीत खड्डे दिसले तर हवा किंवा वाफ अडकली होती. संपूर्ण थर एकाच जागी कागदासारखा सलग निघत असेल आणि बाकी ठिकाणी लॅमिनेट घट्ट असेल, तर तिथे काहीतरी तेलकट किंवा सिलिकॉनचे लागले होते असे धरून चाला. नख दाबल्यावर रेझिनमध्ये खूण उठत असेल तर ते पूर्ण क्युअर झालेले, म्हणजे कडक झालेले, नाही. अशा वेळी हार्डनर वाढवणे हा उपाय नसतो, कारण इपॉक्सी आणि अमाइन यांचे प्रमाण ठरलेले असते आणि जास्तीचा हार्डनर रेझिनला उलट मऊ ठेवतो.

काचेच्या फायबरचे काम करून आलेल्या कारागिरांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. काचेचे मॅट भिजले की पारदर्शक होते, आणि कुठे कोरडे राहिले ते पांढऱ्या डागाने लगेच कळते. कार्बनचे कापड भिजल्यावरही काळे आणि कोरडे असतानाही काळेच दिसते. त्यामुळे डोळ्यांच्या जुन्या सवयीवर विसंबून रोलर फिरवणे थांबवले तर आतला थर कोरडा राहतो, आणि नंतर दोष तंतूच्या पृष्ठभागावर टाकला जातो. कापडाचे वजन करून तेवढ्याच वजनाचे रेझिन मोजून घ्यावे, आणि कोरड्या कापडावर वरून ओतण्याऐवजी आधी मोल्डवर रेझिन पसरून त्यावर कापड ठेवावे, म्हणजे ते खालून वर भिजत येते.

भिंगाखाली पाहून खात्री होत नसेल तर एक सोपी कातर चाचणी करता येते. लॅमिनेट ३ मिलिमीटर जाड असेल तर त्यातून १८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद पट्टी कापावी, ती १२ मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवावी आणि मध्यभागी मिनिटाला १ मिलिमीटर या गतीने दाबावे. पट्टी तुटताना असलेल्या भाराला रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागून ०.७५ ने गुणले की थरांमधली कातर ताकद मिळते. भार १२०० न्यूटन असेल तर उत्तर ५० मेगापास्कल येईल. एकाच दिशेच्या तंतूंच्या, उष्णतेने क्युअर केलेल्या चांगल्या इपॉक्सी लॅमिनेटमध्ये हा आकडा ८० ते १०० च्या आसपास असतो. हाताने घातलेल्या विणलेल्या कापडात तो बराच कमी भरतो. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे काम होऊ शकते, फक्त आधारांचा छोटा जिग करून घ्यावा लागतो आणि पट्टी बाजूने पाहता जाडीच्या मधोमध आडवी तडकली की वाकून खालून तुटली, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे लागते. खालून तुटलेल्या पट्टीचा आकडा पकडीबद्दल काही सांगत नाही.

याच पट्ट्यांपैकी निम्म्या पाण्यात ठेवून मग मोडल्या तर आणखी माहिती मिळते. कोरडी ताकद चांगली आणि ओली ताकद फारच खाली, असे दिसले तर पाणी तंतू आणि रेझिन यांच्या सीमेवरून आत शिरत आहे. मात्र खोलीच्या तापमानाला क्युअर होणारी इपॉक्सी उकळत्या पाण्यात स्वतःच मऊ पडते, म्हणून तिच्यासाठी ५० अंशांचे पाणी आणि जास्त दिवस हेच योग्य. नाहीतर रेझिनचा दोष पकडीच्या नावावर जमा होतो.

सायझिंग : धुतले, उन्हात गेले की चुकीच्या रेझिनशी गाठ पडली?

कापड मळकट वाटते म्हणून ॲसिटोनने धुऊन घेण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. हेतू चांगला असतो, पण ॲसिटोन जे काढून नेतो ते बहुतांशी सायझिंगच असते. धुतलेले कापड हातात घेतले की फरक जाणवतो: धागे पिंजारतात, कडांना काळा पिसारा सुटतो आणि हातमोज्यांना बारीक तुकडे लागतात. अशा कापडात रेझिन कमी सहजतेने शिरते आणि हाताळणीत तुटलेल्या तंतूंमुळे ताकदही घटते. कापड खरोखरच घाण झाले असेल तर ते धुण्यापेक्षा महत्त्वाच्या भागासाठी न वापरणे बरे.

सायझिंग आहे की नाही, किती आहे, हे तपासायला जळगावात तरी साधनाची वाण नाही. सराफ बाजारात मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारे काटे असतात. १२ हजार तंतूंचा नेहमीचा टो (तंतूंचा सलग जुडगा) मीटरला सुमारे ०.८ ग्रॅम भरतो, म्हणजे साडेबारा मीटरची लडी १० ग्रॅम होते. ती १०५ अंशांवर तासभर सुकवून, बंद डब्यात थंड करून वजन करा. मग ॲसिटोनमध्ये दोन-तीनदा नवे द्रावण घेऊन भिजवा, आधी हवेवर पूर्ण वाळवा आणि ॲसिटोनचा वास गेल्यावरच पुन्हा भट्टीत सुकवा, कारण ॲसिटोनची वाफ भट्टीत पेट घेते. वजनात ५० ते १५० मिलिग्रॅमची घट आली तर सायझिंग जागेवर होते. घट नगण्य असेल तर एकतर तंतू विनासायझिंगचे आहेत, किंवा सायझिंग इतके जुने आणि घट्ट झाले आहे की विरघळतच नाही. दुसरी शक्यता ओळखणे सोपे आहे: असा टो ताठ, पट्टीसारखा असतो, बोटांनी पसरवला तरी पसरत नाही.

हे जुनेपण आपल्याकडे लवकर येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर त्याहूनही जास्त तापते. कापडाचा रोल तिथे एक उन्हाळा काढतो, आणि पावसाळ्यात त्याचे काम बिघडले की दोष पावसाला दिला जातो. रोल मूळ पिशवीत, उजेडापासून दूर, इमारतीतल्या सर्वांत थंड खोलीत जमिनीलगतच्या फळीवर ठेवावा आणि त्यावर खरेदीचा महिना लिहावा.

आता चुकीच्या रेझिनची गोष्ट. फायबरग्लासच्या टाक्या, कूलरचे भाग, दरवाजे करणाऱ्या कारखान्यांत साधे पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे तिन्ही हाताशी असतात, आणि पहिला कार्बनचा भाग त्याच बादलीतून केला जातो. इपॉक्सीसाठी घातलेले सायझिंग पॉलिएस्टरच्या क्युअरिंगमध्ये भाग घेत नाही. शिवाय पॉलिएस्टर क्युअर होताना इपॉक्सीपेक्षा बरेच जास्त आकसते आणि आकसताना तंतूपासून ओढले जाते. व्हिनाइल एस्टर त्यापेक्षा चांगले, पण त्यासाठीही जुळणारे सायझिंग असलेले कापड मागून घ्यावे लागते. भिंगाखाली स्वच्छ तंतू दिसत असतील आणि रेझिन पॉलिएस्टरचे असेल, तर पुढचे काही वाचण्याआधी इपॉक्सीने एक पट्टी करून पाहावी. बऱ्याच ठिकाणी तक्रार तिथेच संपते.

हवा, धूळ आणि शेजारचे यंत्र

उन्हाळ्यात रेझिन पातळ होते आणि चांगले शिरेल असे वाटते, पण दर १० अंशांना त्याचा वापरण्याजोगा वेळ साधारण निम्मा होतो, आणि कापडाच्या मधल्या भागापर्यंत पोहोचण्याआधीच ते जेल होऊ लागते. पहाटे काम करणे, थोडे थोडे रेझिन कालवणे आणि ते उभ्या डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ठेवणे, हे तीन उपाय पुरेसे आहेत. थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की उलट होते. रेझिन दाट राहते आणि टोच्या आतल्या तंतूंपर्यंत जात नाही, म्हणून ते २५ ते ३० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. पावसाळ्यात कापड ६० ते ८० अंशांवर तास-दोन तास सुकवून लगेच वापरावे, आणि अमाइन हार्डनरचे झाकण उघडे ठेवू नये, कारण तो हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढुरकी, मेणचट साय धरतो. ही साय अर्धवट क्युअर झालेल्या थरावर आली आणि तिच्यावर पुढचा थर घातला की ते दोन थर हमखास सुटतात. कोमट पाण्याने पुसून, वाळवून, हलके घासून मगच पुढे जावे.

सिलिकॉनविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे काम मोठे आहे, आणि मोल्डिंग यंत्राच्या साच्यावर मारायचा सिलिकॉन स्प्रे ही तिथली रोजची वस्तू आहे. त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला कार्बनचे काम चालत असेल तर हवेतून येणारा सूक्ष्म थर उघड्या कापडावर बसतो. तो दिसत नाही, आणि ॲसिटोनच्या फडक्याने पुसला तर निघण्याऐवजी पसरतो. कारखान्यात कुठे सिलिकॉन आहे का, हे क्युअर झालेल्या पॅनेलवर पाणी टाकून तपासता येते: स्वच्छ, घासलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा सलग पडदा राहतो, आणि दूषित जागी पडदा फाटून थेंब गोळा होतात. उपाय एकच, वेगळी बंद खोली, आणि त्या खोलीत सिलिकॉनचा डबा कधीही न नेणे. जिनिंगच्या हंगामात उडणारा कापसाचा तंतू, कॉम्प्रेसरच्या हवेतले तेल आणि उघड्या हातांचा घाम हेही याच खोलीच्या दाराबाहेर थांबवावे.

तरीही पकड येत नसेल : पृष्ठभागावरची प्रक्रिया

इथपर्यंत सगळे तपासून झाले, आणि तरी भिंगाखाली स्वच्छ तंतूच दिसत आहेत, किंवा तंतू विनासायझिंगचे, पुनर्वापराचे अथवा उच्च मॉड्युलसचे आहेत, तर प्रक्रियेचा विचार करावा. छोट्या प्रयोगशाळेत मला सर्वांत भरवशाची वाटते ती विजेच्या साह्याने होणारी ऑक्सिडीकरणाची पद्धत, कारण कारखान्यांतही तीच वापरली जाते आणि तिची मात्रा प्रवाह व वेळ यांनी मोजता येते.

टोवरचे सायझिंग आधी काढावे लागते, कारण ते विजेला अडवते. शुद्ध पाण्यात ५ टक्के अमोनियम बायकार्बोनेटचे द्रावण करावे. टो पुरवठ्याच्या धन टोकाला आणि ग्रॅफाइटची किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी ऋण टोकाला जोडावी. कार्बन वीज वाहून नेतो, पण तांब्याइतका नाही, त्यामुळे लांब टोच्या दूरच्या टोकाला प्रक्रिया कमी होते. चिमटा द्रावणाच्या पातळीजवळ आणि तुकडा आखूड ठेवावा. काही व्होल्टपासून सुरुवात करावी आणि वेळ सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वाढवत न्यावा. ७ मायक्रॉन जाडीच्या १ ग्रॅम तंतूंचा पृष्ठभाग सुमारे ०.३ चौरस मीटर भरतो, म्हणजे ए-फोर आकाराच्या पाच कागदांइतका. एवढ्याशा काळ्या लडीला प्रवाह इतका का लागतो, याचे उत्तर त्यात आहे. चार नमुने करावेत: एक बिनप्रक्रियेचा, आणि तीन वाढत्या मात्रेचे. एकच नमुना करून यश-अपयश ठरवू नये.

अमोनियम बायकार्बोनेट निवडण्यामागे कारण आहे. धुताना थोडेसे राहून गेले तरी ते सुकवण्याच्या उष्णतेत अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निघून जाते, तंतूवर क्षार उरत नाही. बाजारात सहज मिळतो म्हणून नवसागर घेऊ नये. तो अमोनियम क्लोराइड आहे, आणि धन टोकाला त्यातून क्लोरीन वायू सुटू शकतो. खाण्याचे मीठ आणि बोअरचे जड पाणी याच कारणाने टाळावे. ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो आणि द्रावणाला अमोनियाचा दर्प असतो, म्हणून हे काम खिडकीपाशी, पंखा बाहेरच्या दिशेला लावून आणि ज्योत दूर ठेवून करावे.

नंतर शुद्ध पाण्याने अनेकदा धुऊन १०५ अंशांवर सुकवावे आणि त्याच दिवशी पुन्हा सायझिंग द्यावे: हार्डनर न घातलेली द्रव इपॉक्सी ॲसिटोनमध्ये सुमारे १ टक्का विरघळवून त्यातून टो ओढून घ्यावा, निथळू द्यावा, हवेवर वाळवावा. द्रावण दाट केले तर टो काडीसारखा ताठ होतो आणि आतल्या तंतूंपर्यंत रेझिन जाऊ देत नाही.

तीव्र नायट्रिक आम्लात उकळण्याची जुनी पद्धत विद्यार्थ्यांच्या अहवालांत वारंवार दिसते. ती परिणामकारक आहे, पण तपकिरी विषारी वायू सोडते, तंतूवर खड्डे पाडते आणि वर ऑक्सिडीकरणाचा सुटा गाळ ठेवते. तो गाळ सौम्य अल्कलीने धुतला नाही तर रेझिन गाळाला चिकटते आणि गाळ तंतूला चिकटलेला नसतो. त्याहून गंभीर बाब अशी की ॲसिटोन आणि तीव्र नायट्रिक आम्ल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. सायझिंग काढून अर्धवट वाळलेला टो आम्लात टाकणे हा थेट अपघात आहे. धूर ओढणारे कपाट नसलेल्या जागी ही पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही.

ऑक्सिजन किंवा हवेचा प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) स्वच्छ आणि जलद असतो, पण तो बाहेरच्या तंतूंवर जास्त आणि टोच्या पोटातल्या तंतूंवर कमी काम करतो, आणि त्याचा परिणाम उघड्या हवेत ओसरत जातो. प्रक्रिया आज आणि लॅमिनेट पुढच्या आठवड्यात, असे चालत नाही. हवेत ४०० अंशांच्या आसपास तापवून सायझिंग जाळता येते, मात्र थोडे जास्त झाले तरी तंतूच जळू लागतो.

काचेसाठी वापरले जाणारे सिलेन (काच आणि रेझिन यांना जोडणारे रसायन) कार्बनवर लावण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनच्या अणूंना (हे मूलद्रव्य, वर सांगितलेला स्प्रे नव्हे) जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना सिलेन पकडते. कार्बनवर आधी ऑक्सिडीकरण झालेले नसेल तर त्याला धरायला जवळजवळ काही मिळत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी एक सौम्य मार्ग आहे तो पॉलिडोपामिनचा. शिंपल्यांच्या चिकटपणावरून सुचलेला हा लेप २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिटरला २ ग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड, ८.५ पीएचचे ट्रिस बफर, उघडे भांडे, खोलीचे तापमान आणि एक दिवस, एवढ्यात तंतूवर अमाइन आणि कॅटेकॉल गट असलेला पातळ थर बसतो. आम्ल नाही, वायू नाही, आणि तंतूची ताकद घटत नाही. रसायन महाग असल्याने कारखान्यात ते परवडणार नाही. नॅनोट्यूब किंवा ग्राफीन ऑक्साइड मिसळलेल्या सायझिंगबद्दल माझे मत असे की ते नीट विखुरण्याची सोय नसेल तर गुठळ्याच होतात, आणि गुठळी ही तडा सुरू होण्याची जागा असते.

चटई आणि पाइप करणाऱ्यांपैकी काहींना पॉलिप्रॉपिलीनमध्ये बारीक कापलेला कार्बन घालून ताठ भाग करायचे असतात. तिथे इपॉक्सी सायझिंगचा उपयोग नाही आणि तंतूच्या ऑक्सिडीकरणाने एकट्याने काम होत नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनकडेच जोडण्यासाठी गट नाहीत. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन २ ते ५ टक्के मिसळल्यावर दोन्ही बाजूंना दुवा मिळतो.

सुधारणा झाली हे कशावरून?

प्रक्रियेनंतर दोन मोजमापे सोबत घ्यावीत: लॅमिनेटची कातर ताकद आणि रेझिनमध्ये भिजवून क्युअर केलेल्या एकट्या टोची ताण ताकद. पहिली वाढली आणि दुसरी टिकली तरच मात्रा बरोबर आहे. कातर ताकद वाढता वाढता एका मात्रेनंतर घसरू लागते, कारण तंतूचा बाहेरचा थरच सैल होतो. पकड अतिशय घट्ट होण्यातही धोका आहे. तडा तंतूपाशी वळण घेण्याऐवजी सरळ आरपार जातो आणि लॅमिनेट आघाताला ठिसूळ बनते. झाडाच्या फांदीला आपटू शकणाऱ्या ड्रोनच्या हातासाठी थोडी कमी पकड आणि जास्त चिवटपणा हाच योग्य सौदा आहे, तर पाण्यात राहणाऱ्या भागासाठी ओली कातर ताकद आधी पाहावी.

प्रत्येक भागाबरोबर त्याच रेझिनची, त्याच कापडाची, त्याच दिवशी केलेली तळहाताएवढी साक्षी पट्टी ठेवावी, आणि तिच्यावर रोलचा महिना, रेझिनचा बॅच, खोलीचे तापमान व आर्द्रता लिहावी. भाग सहा महिन्यांनी परत आला तर भिंगाखाली धरायला दोन्ही तुकडे लागतात. पट्ट्या कापताना पाण्याची धार सोडावी आणि जवळचे मोटरचे व पॅनेलचे खोके बंद ठेवावेत, कारण कार्बनची कोरडी धूळ वीज वाहून नेते आणि आत गेली की शॉर्ट सर्किट करते. विजेच्या प्रक्रियेचा वीजपुरवठाही त्याच कारणाने कापायच्या टेबलापासून दूर, दुसऱ्या खोलीत असावा.